दादाचं सेशन

१

सकाळी ऑफिसात गेलं की मी आधी सेशनं बघते. कोण कामाला बसलंय, कुणाचं तुटलंय, कोण आदल्या दिवशी सगळं उघडं टाकून तसंच उठून गेलंय. आमचे टायपिस्ट घरून काम करतात. डॉक्टर पेशंट तपासून झाला की यंत्रात तोंडी बोलून ठेवतात, आणि ते कानाला लावून आमची माणसं रिपोर्ट टाइप करतात. प्रत्येकाच्या घरी कंपनीची एक स्क्रीन, एक कीबोर्ड, स्क्रीनच्या डोक्यावर छोटा कॅमेरा आणि शेजारी टिफिनएवढा काळा डबा.

त्या डब्यात काही नसतं. खरा कॉम्प्युटर आमच्या ऑफिसातल्या थंडगार खोलीत, सर्व्हरमध्ये. टायपिस्टने घरी कळ दाबली की ती इथे पोचते, अक्षर इथे उमटतं, आणि त्या अक्षराचं नुसतं चित्र त्याच्या घरी जातं. हे मी आईला एकदा समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे चूल तिकडे आणि आपल्या नाकात नुसता धूर." यापेक्षा चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

आईला हे सांगायचं कारण म्हणजे त्या टायपिस्टांपैकी एक माझा दादा. मी शाळेत असताना त्याला अपघात झाला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून चाकाची खुर्ची. आम्ही तिघं एकत्र राहतो. दादाची खोली मागच्या बाजूला, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. त्याला त्याचं काही वाटत नाही. "दिवसभर लोकांचे मूतखडे ऐकायचे, त्याला बाग कशाला हवी," असं तो म्हणायचा.

दुपारी मी त्याला फोन करायचे. असाच एकदा केला.

"आईने वाढलंय, लवकर बोल," तो म्हणाला.

माझ्यासमोर त्याचं सेशन होतं. चालू. आणि त्यात काम होत होतं.

"दादा, तू टेबलावर आहेस का?"

"स्वयंपाकघरात आहे. एका हातात घास, दुसऱ्यात फोन. तिसरा अजून फुटला नाही."

मला कुणाचीही स्क्रीन बघता येते, पण आधी परवानगी मागावी लागते. मी बटण दाबलं की समोरच्याच्या स्क्रीनवर चौकट येते: तुमची स्क्रीन दाखवायची का? मी सहज दाबलं. उत्तर येणार नाही आणि आपली शंका फिटेल, एवढाच विचार.

फोनवर दादा पाणी पीत होता. मला घोट ऐकू येत होता.

माझ्या स्क्रीनवर उत्तर आलं. हो.

२

चौकट उघडली तेव्हा आत कुणी काही करत नव्हतं. अर्धा झालेला रिपोर्ट आणि लुकलुकणारा कर्सर. मी मनाची समजूत घातली. सेशन हँग होतं, जुना आदेश अडकून राहतो, मग उशिरा सुटतो. असं होतं. नेमकं असंच होतं असं नाही, पण असं काहीतरी होतं.

दादाचा पासवर्ड बदलला. सेशन बंद केलं. ते बंद झालं आणि माझा हात माऊसवरून उचलायच्या आत पुन्हा उघडलं. कुठून, तर दादाच्याच डब्यावरून. मी त्याला फोन करून डब्याची वायर काढायला लावली. त्याने काढली. सेशन चालूच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. एका सेशनला एकच जागा असते. तुम्ही घरी बसलेले असताना तेच सेशन कुणी दुसरीकडून उघडलं, तर ते तुमच्याकडून काढून त्याच्याकडे जातं, आणि तुमच्या स्क्रीनवर तसं लिहून येतं. जो शेवटी जोडेल त्याचं. दोघांना एका खुर्चीत बसता येत नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मी दादाला खोदून खोदून विचारलं. आधी त्याने उडवून लावलं. मग म्हणाला, "ते लिहून येतं अधूनमधून. 'तुमचं सेशन दुसऱ्या जागेवरून उघडलं आहे.' मी पुन्हा जोडतो, मग मिळतं परत."

"आणि हे तू मला आज सांगतोयस?"

"मास्तरीणबाई, रागावू नका." कॉम्प्युटरचा विषय निघाला की तो मला मास्तरीणबाई म्हणायचा, फोनवर आणि ऑफिसच्या चॅटवरसुद्धा. "सकाळी बसलो की कालचे राहिलेले रिपोर्ट झालेले असतात गं. पाठ दुखते तेव्हा बरं वाटतं. आणि चांगला टाइप करतो. एक चूक नाही."

"कोण करतो?"

दादाने खांदे उडवले. पण त्याच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. वाटेकरी मिळालेल्या माणसाचा, आणि त्या वाट्याची थोडी भीती बसलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

आई दारातून म्हणाली, "मी त्याला अंघोळ घालत असते ना, तेव्हा खोलीतून टकटक येते. मला वाटायचं खिडकीत कबुतर आहे."

दादाची खिडकी आम्ही कायम बंद ठेवतो.

३

पुढच्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास आईचा फोन आला. तिचा आवाज अगदी साधा होता, म्हणूनच मला धस्स झालं.

"दादा खोलीत नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"खुर्ची आहे. तो नाहीये."

मी घरी कशी पोचले ते आठवत नाही. खुर्ची टेबलापाशी होती, ब्रेक लावलेले. तिच्या पाठीला त्याचा टॉवेल. हेडफोन कीबोर्डवर पडलेला, आणि त्यातून डॉक्टरचा आवाज अजून बारीक बारीक येत होता. पलंगाखाली बघितलं. कपाट उघडलं, त्यात माणूस मावणार नाही हे माहीत असून. खिडकीला गज आहेत. आणि आई सकाळपासून पुढच्या दारात मशीन घेऊन उशांचे अभ्रे शिवत बसली होती. तिला ओलांडल्याशिवाय मांजरसुद्धा बाहेर जाऊ शकलं नसतं.

हवालदार आले, त्यांनी घर बघितलं आणि खुर्चीपुढे उभे राहिले.

"चालता येत नाही म्हणता. मग गेले कसे?"

"तेच तर आम्ही विचारतोय," मी म्हटलं.

"थोडंफार येत असेल. घरच्यांपासून लपवतात माणसं कधी कधी."

"त्याला मी अंघोळ घालते," आई म्हणाली. "त्याचे पाय मी उचलून ठेवते. मला विचारा काय येतं आणि काय नाही ते."

हवालदारांनी टोपी हातात घेतली. शोधतो म्हणाले. त्यांनी शोधलंही असेल. चालू न शकणाऱ्या माणसाला रस्त्यावर कुठे शोधायचं?

ते गेल्यावर मी डब्याच्या सगळ्या वायरी उपटून पलंगावर फेकल्या.

४

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले ती नोकरीसाठी नव्हे. मला एकच बघायचं होतं.

दादाचं सेशन चालू होतं.

मी परवानगी मागितली. चौकट लगेच उघडली, जणू कुणी त्या बटणावर बोट ठेवूनच बसलं होतं. आत एक कोरं पान. मी टाइप केलं: कोण आहे?

उत्तर सरसर आलं, मध्ये कुठेही न थांबता.

'मी आहे, मास्तरीणबाई.'

माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण शेजारच्या टेबलावरचा सहकारी वळून बघायला लागला. मी खोकल्याचं निमित्त केलं.

'दादा, कुठे आहेस?'

'खोलीत.'

'खोली रिकामी आहे. आम्ही सगळी बघितली.'

'तुम्ही तुमची बघितली.'

'तुझी खुर्ची इथे आहे. तू कसा गेलास?'

'खुर्ची आता लागत नाही. मी उभा आहे.'

मी ते वाक्य परत परत वाचलं. पंचवीस वर्षांत घरात कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं असं ते वाक्य. इतकं हवंहवंसं की कुणी बनवून लिहिलंय हे मनात यायलाही वेळ लागला.

घरी जाऊन आईला सांगितलं. सांगायला नको होतं. ती आधी हसली, मग हसता हसता रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "त्याला विचार, जेवलास का."

"आई, तो दादाच आहे असं मला अजून…"

"तू विचार तर."

मी दुसऱ्या दिवशी विचारलं. 'भूक लागत नाही,' असं उत्तर आलं. आईने ते ऐकलं आणि हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं.

"दादा असं बोलत नाही गं," ती म्हणाली. "तो मेलेला असला तरी आधी विचारेल, काय केलंयस."

पण जरा वेळाने तीच परत आली. "उभा आहे म्हणाला ना? नक्की?" आणि मग मला तिच्याकडे बघवेना.

५

त्याच आठवड्यात साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब म्हणजे आमचा सगळा विभाग बघणारे. माणूस सज्जन. दादाला घरून काम त्यांनीच मिळवून दिलं होतं.

"जुना सर्व्हर शनिवारी दुपारी बारा वाजता कायमचा बंद होतोय, हे तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "सगळ्यांनी नव्यावर जायचं. फायली जातील. चालू सेशनं जात नाहीत, ती संपतात. हे तुम्हीच लोकांना पाठ करून सांगत होतात."

"एक सेशन ठेवता येणार नाही का, साहेब?"

"कुणाचं, ते मला माहीत आहे." त्यांनी चष्मा काढला. "रागावू नका, पण स्पष्ट बोलतो. तुमच्या भावाच्या पासवर्डवर कुणीतरी बसलंय. कुणीतरी नीच माणूस तुमच्याशी खेळतोय. खरं तर मी ते आजच बंद करायला हवं."

"नको." मी एवढंच म्हणू शकले.

"मॅडम, समजा तो खोटा माणूस असेल, तर बंद केल्याने काय बिघडणार आहे?"

"आणि खरा असेल तर?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. सेशन संपतं तेव्हा त्यातला माणूस उठून घरी जातो, हे मी शंभर लोकांना शिकवलं होतं. पण माणूस घरी नसेल आणि आतच असेल, तर सेशन संपल्यावर तो सुटतो की त्याच्यासकट सगळं पुसलं जातं? मला साहेबांच्या टेबलावर डोकं टेकून रडू आलं. ते उठले, दार लोटून घेतलं आणि मी थांबेपर्यंत खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

"शनिवारी बारापर्यंत," शेवटी ते म्हणाले. "त्याच्या पुढे माझ्या हातात नाही."

६

शुक्रवारी मी ठरवलं की खरं-खोटं करायचंच.

आतापर्यंत मी त्याला बरंच विचारलं होतं. शाळेतले मास्तर, मावशीचं लग्न, दादाला न आवडणारी भाजी. सगळी उत्तरं बरोबर. पण आदल्या दिवशी माझ्या लक्षात आलं होतं की ही प्रत्येक गोष्ट दादाने मला कधी ना कधी चॅटवर टाइप केलेली होती. त्याच कीबोर्डवरून, त्याच सेशनमध्ये. जे बोटांतून गेलं, ते सगळं त्याला ठाऊक.

म्हणून मी असं विचारलं, जे कधी कुणी लिहिलं नव्हतं.

'अपघात झाला तेव्हा मी धावत आले. तू रस्त्यात पडला होतास. तू मला पहिलं काय म्हणालास?'

पहिल्यांदाच उत्तराला वेळ लागला. मग:

'तूच सांग ना.'

मी हात मांडीवर घेतले.

आणि मग त्या ओळीच्या खाली एक अक्षर उमटलं. सावकाश. मग दुसरं. चुकलं, तसंच राहिलं. मग तिसरं. माझा दादा डोळे मिटून टाइप करणारा माणूस, पण हे कुणीतरी एका बोटाने, चाचपडत, कळ न दिसता दाबल्यासारखं येत होतं.

'अनवणी येउ नकोस काचा आह'

हेच म्हणाला होता. पाठीचा कणा मोडलेला, आणि मला म्हणाला होता, अनवाणी येऊ नकोस, काचा आहेत.

वाक्य पुरं झालं नाही. ते मागून खाल्लं जाऊ लागलं. 'आह' गेलं. 'काचा' गेलं. एकेक अक्षर, टप टप टप, एका लयीत. शेवटचा 'अ' गेला आणि पान स्वच्छ झालं. मग सरसर ओळ आली.

'काही नाही. मी उभा आहे. आईला सांग.'

७

शनिवारी सकाळी मी घरीच थांबले. पलंगावरच्या वायरी उचलून डब्याला लावल्या. दादाच्या खुर्चीत बसले, कारण टेबल त्या उंचीला केलेलं आहे. आईला बाहेर बसायला सांगितलं. बारा वाजायला थोडं राहिलं तेव्हा साहेबांना फोन लावून चालू ठेवला, बंद करायच्या आधी मला सांगा म्हणून.

माझ्याकडे एकच युक्ती होती. जो शेवटी जोडेल त्याचं. दादाच्या डब्यावरून, दादाच्या जागेवरून, मी ते सेशन इकडे ओढून घेणार होते. तिथे जो कुणी उभा आहे, त्याच्या हातातून ते सुटेल. पुढे काय, ते मला माहीत नव्हतं. पण नुसतं बसून राहणं माझ्याच्याने होत नव्हतं.

दादाचं नाव घातलं. पासवर्ड घातला. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि तेच कोरं पान समोर आलं.

काही झालं नाही. मी श्वास सोडला. तेवढ्यात कॅमेऱ्याचा बारीक दिवा लागला आणि पानाच्या बाजूला एक छोटं चित्र उघडलं.

त्यात मी नव्हते. खोली हीच होती. हेच कपाट, हीच बंद खिडकी, पण भिंतींवर रंग असा नव्हताच. टेबलापाशी कुणीतरी उभं होतं. इतकं जवळ की चित्रात फक्त छाती आणि पोट दिसत होतं. दादाचा निळा शर्ट, तो त्या सकाळी घालून बसला होता तोच. बटणं गळ्यापर्यंत लावलेली. दादा वरचं बटण कधी लावत नाही.

ते हलत नव्हतं. श्वासानेही नाही.

मग चित्राच्या खालच्या काठावर मला बोटं दिसली. चार बोटं, खालून वर आलेली, टेबलाची कड धरलेली. पांढरी पडलेली. जमिनीवर पडलेला माणूस स्वतःला वर ओढायला बघतो, तशी.

ती नखं मी ओळखते. दर रविवारी मीच कापते.

"दादा!" मी ओरडले. बाहेर आईची खुर्ची सरकली.

एक हात कडेवरून सुटला आणि आंधळ्यासारखा कीबोर्डकडे चाचपडत आला. माझ्या पानावर अक्षर उमटलं. ब. त्यावर अनुस्वार. मग द. उभ्या शर्टाला जणू आत्ता जाणवलं. तो हळूहळू वाकायला लागला. कॉलर चित्रात आली. मग हनुवटी.

"मॅडम," फोनमधून साहेबांचा आवाज आला. "बारा झाले. बंद करू ना?"

पानावर आलं होतं: 'बंद कर'

मी ते वाचलं आणि थिजले. कारण कर्सर र च्या पुढे लुकलुकत होता आणि ते बोट अजून कीबोर्डवरच होतं. वाक्य संपलं होतं की चाललं होतं? पुढे एक ऊकार आला असता तर 'करू' झालं असतं, आणि त्याच्या पुढे 'नकोस'.

"मॅडम? ऐकताय ना?"

हनुवटीच्या वर ओठ दिसायला लागले. ते दादाचे होते आणि ते हसत होते. खालची बोटं ताणली गेली, जणू कुणी खालून पाय धरून ओढत होतं.

"करा," मी म्हटलं. "साहेब, बंद करा. आत्ता."

चित्र गेलं. पान त्याच्या नंतर गेलं, पापणी लवते तेवढ्याच वेळाने. तेवढ्यात मी पाहिलं. र च्या उजव्या बाजूला काहीतरी काळं उमटलं होतं. टिंबाएवढं. दादा वाक्य संपलं की न चुकता पूर्णविराम देणारा माणूस, आणि ते टिंब अक्षराच्या उजवीकडेच येतं. आणि ऊकारही र ला खाली नाही, उजवीकडेच लागतो. मला नीट दिसलं नाही. कितीही डोळे मिटून आठवलं तरी दिसत नाही.

मी किती वेळ काळ्या स्क्रीनकडे बघत होते कोण जाणे. मग आई दार उघडून आत आली. तिने खोलीभर नजर फिरवली, पलंगावर, जमिनीवर, टेबलाखाली. तो आला असेल, असं वाटून.

"बोलला का गं काही?"

"हो."

"काय म्हणाला?"

मी खुर्चीतून उठू शकत नव्हते. "बंद कर म्हणाला," मी सांगितलं.

आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "ऐकलंस त्याचं."